फिंगर जॉइंटसाठी घरगुती जिग: माप बिटाचं, फूटपट्टीचं नाही

सागाची_फळी

आईच्या शिवणाच्या सामानासाठी आठ खणांचं बुटकं कपाट करायला घेतलंय. आठ खण म्हणजे बत्तीस कोपरे, आणि प्रत्येक कोपऱ्यात फिंगर जॉइंट (दोन्ही फळ्यांच्या टोकांना बोटांसारखे दात कापून ते एकमेकांत बसवायचे) हवा हे पहिल्यापासून ठरलेलं. लाकूड इथलंच, बडोद्याचं. रावपुऱ्यात एक जुनं घर उतरवलं, त्याच्या चौकटींचा साग चिरून, रंधून ९ मिमीवर आणला. बत्तीस कोपऱ्यांचे दात एकेक आखून कापण्यापेक्षा आधी जिग बनवला, म्हणजे न आखता प्रत्येक खाच सारख्या अंतरावर पाडून देणारा साचा. फोटो पाहून बऱ्याच जणांनी निरोप पाठवले, म्हणून सगळं एका ठिकाणी लिहितो.

आधी जॉइंट कशासाठी ते. दोन फळ्या नुसत्या काटकोनात टेकवून चिकटवल्या, तर गोंद एका फळीच्या आडव्या छेदावर लागतो. तिथे लाकडाच्या नळ्या उघड्या असतात, गोंद आत शोषला जातो आणि पकड राहत नाही. दात कापले की दातांच्या बाजू रेषांच्या दिशेने येतात, आणि गोंद खरा धरतो तो तिथेच. १२ मिमी जाड, १०२ मिमी रुंद फळी घ्या. नुसत्या टेकवलेल्या जोडाला १२२४ चौरस मिमी जागा मिळते, तीही वाईट जागा. ६ मिमीचे दात कापले तर सोळा बाजू एकमेकांना लागतात, प्रत्येक १२ बाय १२ ची, म्हणजे २३०४ चौरस मिमी. दात ३ मिमीचे केले तर तेहतीस बाजू आणि ४७५२ चौरस मिमी. हे सगळं दात एकमेकांना नीट लागले तरच. सैल दातांमध्ये गोंद फक्त भरण म्हणून बसतो.

माझा राऊटर (वेगाने फिरणाऱ्या बिटाने लाकडात खाच पाडणारं मशीन) १८ मिमी प्लायच्या टेबलाखाली उलटा टांगलेला आहे, बिट पाव इंची, सरळ. टेबलावर सरकणारी एक स्लेड केली. तिचा तळ ६ मिमी प्लायचा (जाड घेतला तर बिटाची निम्मी लांबी तळातच जाते), तळाखाली दोन पट्ट्या टेबलाच्या दोन्ही कडांना बाहेरून लागून. तळावर १८ मिमीची उभी फळी, गुण्या लावून काटकोनात पक्की चिकटवलेली. तिच्यापुढे १२ मिमीची दुसरी फळी, जी डावी-उजवी सरकते. तिची भोकं लांबट, दोन बोल्ट आणि विंग नट. या सरकत्या फळीत गाइड पिन बसते. जिग एवढाच.

आता मुख्य गोष्ट. या जिगमध्ये तीन मापं असतात आणि तिन्ही सारखी लागतात: बिटाने पाडलेली खाच, गाइड पिनची रुंदी, आणि पिन ते बिट हे अंतर. लोक तिन्ही स्वतंत्र मोजतात. पाव इंची बिट म्हणून ६.३५ धरतात, पिन ६.३५ ची बनवतात, अंतरही पट्टीने ६.३५ लावतात. पण बिट कोलेटमध्ये (बिटाचा दांडा धरणाऱ्या पकडीत) किंचित डगमगतं, खाच ६.४ च्या पुढे जाते आणि हिशेब कोसळतो. फूटपट्टीला अर्ध्या मिलिमीटरपलीकडचं काही विचारूच नये.

मी काहीच मोजलं नाही. आधी सरकत्या फळीत बिटाने एक खाच पाडली. मग शिसमाची एक लांब पट्टी रंध्याने उतरवत नेली, खाचेत बोटाने ढकलून जाईल पण उलटी धरली तर पडणार नाही इतपत. तिचे दोन तुकडे केले. एक खाचेत चिकटवला, पुढे इंचभर बाहेर ठेवून, ही झाली गाइड पिन. दुसरा तुकडा पिन आणि बिट यांच्यामध्ये धरला, फळी सरकवून तिन्ही एकमेकांना लावले आणि नट आवळले. मशीनचा प्लग काढून बिट हाताने फिरवा आणि त्याची धार पिनच्या सर्वांत जवळ आणा, मगच तुकडा लावा. धार बाजूला असली तर अंतर चुकतं.

यात एकाही ठिकाणी आकडा नाही. बिटाने खाच दिली, खाचेने पिन दिली, पिनने अंतर दिलं.

कापताना पहिल्या फळीची कड पिनला टेकवून पहिली खाच, मग ती खाच पिनवर बसवून दुसरी, असं शेवटपर्यंत. जोडीच्या फळीची सुरुवात खाचेने व्हायला हवी. त्यासाठी पहिली फळी उलटवून तिची पहिली खाच पिनवर ठेवायची. तिचा पहिला दात पिन आणि बिटामधली जागा भरून काढतो. दुसरी फळी तिला खेटून लावली की पहिली खाच अगदी कोपऱ्यात येते. बिटाची उंची फळीच्या जाडीपेक्षा अर्धा मिमी जास्त, दातांची टोकं नंतर घासून सपाट करता येतात.

वाडीकर

सुंदर लिहिलंय. माझ्याकडे राऊटर नाही, टेबल सॉ आहे, दहा इंची पातं. त्याचा काप ३ मिमीच्या आसपास येतो. रुंद खाचेसाठी परदेशात दोन-तीन पाती एकत्र लावतात तसं इथे करता येईल का? आणि एकाच पात्याचे दात फार बारीक दिसतील ने?

सागाची_फळी

वाडीकर, एकत्र पाती लावायचा विचार करू नका. आपल्याकडच्या बहुतेक टेबल सॉचा शाफ्ट त्यासाठी पुरेसा लांब नसतो, नटाला आटे उरत नाहीत. तेवढ्या वजनासाठी मशीन बनलेलंही नसतं.

एका पात्याचे ३ मिमीचे दात लहान डब्यांना फार देखणे दिसतात, आणि वरच्या हिशेबाप्रमाणे गोंदाची जागा दुप्पट. पद्धत तीच. मात्र पातं कुठलं आहे ते पाहा. साधारण लाकडाच्या पात्याचे दात एकाआड एक डावीकडे-उजवीकडे तिरपे घासलेले असतात, त्यामुळे खाचेचा तळ मध्ये उंच आणि दोन्ही कोपऱ्यांत खोल येतो. जोडल्यावर बाहेरून बारीक काळी टोकं दिसतात. सरळ माथ्याच्या दातांचं पातं मिळालं तर तळ सपाट येतो. धार लावणाऱ्याकडून जुन्या पात्याचे माथे सरळ घासून घेतले तरी चालतं.

आणि तिथेही पिन आधी बनवू नका. आधी काप, मग पिन.

पॅटर्नशॉप

मी मकरपुरा जीआयडीसीत फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे धातू ओतायचा साचा ज्यावरून घेतात ते नमुने, बनवण्यात आयुष्य काढलं, आता निवृत्त आहे. धागाकर्त्याने जे सांगितलं ते आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. पॅटर्नमेकरची पट्टी मुळातच मोठी असते. बिडाचं कास्टिंग थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, ॲल्युमिनियम जवळपास १.३ टक्के, म्हणून तेवढी वाढ पट्टीतच कोरलेली. एका पॅटर्नवर दोन पट्ट्या कधीच वापरायच्या नाहीत. जो भाग दुसऱ्या भागात बसायचा तो मोजायचा नाही, त्या भागावर लावून आखायचा.

एक सुधारणा सुचवतो. शिसमाची पिन पावसाळ्यात थोडी फुगेल. लेथचं एचएसएस टूल बिट (कडक पोलादाची चौकोनी कांडी) घ्या, पाव इंच चौरस, घासून आलेलं. टूलच्या कुठल्याही दुकानात मिळतं. दोन सारखी घेतली की एक पिन आणि एक अंतराचा तुकडा, दोन्ही तयार. झिजत नाही, वाकत नाही.

सागाची_फळी

काका, तुमच्यासारख्यांनी इथे लिहिलं याचा फार आनंद झाला. टूल बिटाबद्दल एक शंका आहे. ते घासून अचूक पाव इंच असतं, पण माझी खाच पाव इंचापेक्षा मोठी आहे. मग पिन खाचेत हलणार. म्हणजे अचूक पोलाद घेऊन मी पुन्हा छापील मापावर आलो.

पॅटर्नशॉप

बरोबर पकडलंत. त्यावर इलाज सोपा आहे. टूल बिटाच्या एका बाजूला साधी सेलोटेप लावा, जाडी साधारण ०.०५ मिमी. एक पदर, दोन पदर, जितके लागतील तितके. खाचेत बसेपर्यंत. टेप नेहमी राऊटरच्या बिटाच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे दात ज्या बाजूला टेकतो ती बाजू पोलादाचीच राहते. तुमचं तत्त्व मोडत नाही, कारण शेवटचा निकाल खाचच देते.

शिसमच ठेवायचा असेल तर पिनला पातळ शेलॅकचे दोन हात द्या आणि पावसाळ्यात काम काढण्याआधी एकदा खाचेत घालून बघा. एवढ्या बारीक पट्टीत फुगवटा थोडाच असतो, पण या कामात थोडंच पुष्कळ होतं.

गिरमिट

मी असाच जिग बनवला आहे, तरंगत्या फळ्यांसाठी. अडचण अशी की पहिले तीन-चार दात छान बसतात, मग हळूहळू अडायला लागतात आणि शेवटचा दात खाचेच्या कडेवरच बसतो. पिन थोडी-थोडी सरकवून पाहिली, पहिले दात सैल होतात पण शेवटचे तसेच अडतात. अंतर चुकतंय का?

सागाची_फळी

गिरमिटभाऊ, हे अंतराचं दुखणं नाही. वेगळं करून सांगतो, कारण जिगमधला सगळा गोंधळ इथेच होतो.

पिन आणि बिटामधलं अंतर चुकलं तर प्रत्येक दात सारखाच जाड किंवा सारखाच बारीक होतो. पहिला जेवढा घट्ट तेवढाच शेवटचा. दोन्ही फळ्या त्याच जिगवर कापलेल्या असल्या की टप्पाही दोघींचा सारखाच, त्यामुळे ती चूक साचत नाही. सगळेच दात घट्ट असतील तर दात जाड झालेत, पिन बिटाकडे न्या. सगळेच सैल असतील तर पिन बिटापासून लांब न्या. खाच कधी बदलत नाही, ती बिटाची. बदलतो तो फक्त दात.

तुमचं प्रकरण साचणाऱ्या चुकीचं आहे. म्हणजे प्रत्येक टप्पा सारखा पडत नाही. माझ्या मते पिन खाचेत सैल आहे. सैल पिनवर फळी एकदा डावीकडे रेटली जाते, एकदा उजवीकडे, आणि एका फळीचा टप्पा दुसरीपेक्षा कणभर मोठा होतो. दर टप्प्याला ०.०५ मिमी गेले तरी पंधराव्या दाताला पाऊण मिलिमीटर.

दुसरं, भुसा. पिन आणि तळ यांच्या कोपऱ्यात भुसा दबून बसतो आणि फळी तिरकी होते. पिनच्या खालच्या कडा किंचित तासून घ्या, भुशाला जागा मिळते. प्रत्येक खाचेनंतर ब्रश फिरवा.

पॅटर्नशॉप

आणखी एक पाहा गिरमिट, दोन्ही फळ्या एकाच कडेपासून सुरू करता का? खणाची वरची कड ठरवा, चारही फळ्यांवर पेन्सिलने खूण करा आणि प्रत्येक टोक त्या खुणेच्या कडेपासूनच कापा. एक फळी वरून आणि जोडीची खालून सुरू केली, तर फळीची रुंदी टप्प्यांत पूर्ण बसत नसेल तेव्हा फरक सगळा शेवटी बाहेर पडतो.

सागाची_फळी

काकांचा मुद्दा मी मूळ पोस्टमध्ये लिहायलाच हवा होता. फळी दोन-तीन मिमी रुंदच ठेवा, दात कापा आणि मग खालची कड शेवटच्या दाताला जुळवून रंधा. रुंदी आधी अचूक करण्यात काही हशील नाही.

मांजलपूर_गॅलरी

फ्लॅटमध्ये राहते, गॅलरीत बाक टाकून काम करते. टेबल सॉ शक्य नाही, आवाजाने शेजारी हैराण होतात. छोटा ट्रिमर (हातात मावणारा राऊटर) आहे. त्याला प्लायच्या टेबलाखाली लावून हे जमेल का? माझ्या ट्रिमरबरोबर दोन कोलेट आली आहेत, एक ६ आणि एक ६.३५.

सागाची_फळी

ताई, जमेल. पण आधी कोलेटचं. ६ मिमी दांड्याचं बिट ६ च्याच कोलेटमध्ये आणि पाव इंची दांड्याचं ६.३५ च्याच. ६ चा दांडा ६.३५ च्या कोलेटमध्ये आवळला गेला असं वाटतं, पण पकड पूर्ण नसते. ट्रिमर मिनिटाला तीस हजारांच्या आसपास फेरे घेतो, त्या वेगात बिट निसटलं तर ते कुठे जाईल सांगता येत नाही. डब्यावरचं वाचून नाही, दांडा कॅलिपरने मोजून खात्री करा. इथे मात्र मोजायचं.

दुसरं, ट्रिमरची ताकद कमी. सागात ९ मिमी खोल खाच एका दमात काढायला लावली तर मोटर गरम होते आणि बारीक बिट तुटू शकतं. दोन मार्ग आहेत. एक, बिट ३ मिमी वर काढून सगळ्या खाचा पाडा, मग आणखी ३, मग पूर्ण. प्रत्येक वेळी फळी पुन्हा पहिल्यापासून लावावी लागते, वेळ जातो, पण जिग बदलत नाही त्यामुळे जागा चुकत नाहीत. दुसरा, सगळ्या खाचांच्या मधोमध हातकरवतीने आधी एक-दोन काप देऊन ठेवा, बिटाला थोडंच खायला राहतं.

आणि फळीच्या मागे टेकू हवाच. बिट जिथून बाहेर पडतं तिथे लाकूड फाटतं, प्लाय तर जास्तच. सरकती फळी पहिल्या कापात टेकू म्हणून चांगली असते, पण पुढे उंची बदलली की तिची खाच मोठी होते. मग फळी आणि तिच्यामध्ये ४ मिमी प्लायचा तुकडा घाला, दर खणाला नवा.

हातकरवत

मला वीजच नको असते. फिंगर जॉइंटला हातानेही जिगसारखी युक्ती आहे, ती कोणी लिहिली नाही म्हणून लिहिते.

पहिल्या फळीचे दात पातळ करवतीने कापायचे. मग ती फळी दुसरीच्या टोकावर ठेवायची, आणि करवत पहिल्या फळीच्या त्याच कापांमध्ये घालून दुसरीवर खूण ओढायची. पण फळी तशीच ठेवून खूण केली तर दात प्रत्येक बाजूने एका कापाइतका बारीक होतो आणि जॉइंट सैल बसतो. म्हणून फळी एका बाजूला बरोबर करवतीच्या कापाइतकी सरकवायची, सगळ्या दातांच्या एका बाजूच्या खुणा करायच्या, मग दुसऱ्या बाजूला तेवढीच सरकवून उरलेल्या. सरकवण्यासाठी कापाच्या जाडीचा एक पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा तुकडा जवळ ठेवते. तो तुकडाही करवतीच्या कापात घालून निवडलेला, कॅलिपर न वापरता. म्हणजे तुमचंच म्हणणं, फक्त हाताने.

सागाची_फळी

हातकरवतताई, हे इतकं नेमकं कुठे वाचलं नव्हतं. या धाग्यातली ही पोस्ट मी जपून ठेवणार.

वाडीकर

एक वेगळा प्रश्न. कॅनडातले मथायस वॉन्डेल यांचा स्क्रूवर सरकणारा जिग पाहिला असेल. त्यात पिनच नसते, आट्याचा रॉड फिरवून फळी पुढे न्यायची, म्हणून एकाच पात्यात हव्या त्या रुंदीचे दात. मला तो करायचा आहे. इथे एम८ चा रॉड सहज मिळतो, तो घेऊ?

पॅटर्नशॉप

एम८ नको. साध्या एम८ ची पिच, म्हणजे एका फेऱ्यात सरकणारं अंतर, १.२५ मिमी. ६ मिमी सरकवायला ४.८ फेरे लागतात, दर वेळी फेऱ्याचा तुकडा मोजत बसणार, आणि त्यात चूक होणारच. एम१० ची पिच १.५, म्हणजे ६ मिमीला बरोबर ४ फेरे आणि १२ ला ८. एम६ ची १ मिमी, हिशेबाला सर्वांत सोपी, पण रॉड बारीक, लांबीत लवचिक होतो. मी एम१० घेईन.

आणि नटात खेळ असतो. नेहमी एकाच दिशेने फिरवत पुढे जायचं. चुकून जास्त फिरला तर एक पूर्ण फेरा मागे येऊन पुन्हा पुढे या. नाहीतर नटाची मोकळीक तुमच्या दातात जाते.

सागाची_फळी

स्क्रूच्या जिगचा गुण हा की दाताची आणि खाचेची रुंदी दोन्ही तुमच्या हातात राहतात. म्हणून तिथे आकडे लागतात. माझ्यासारख्याला बत्तीस कोपरे एकाच मापाचे हवेत, तिथे पिनचा जिग भराभर चालतो. वाडीकर, तुम्हाला वेगवेगळ्या जाडीचे डबे करायचे असतील तर स्क्रूचाच करा, मेहनत वसूल होईल.

मांजलपूर_गॅलरी

पिन थोडी सरकवायची म्हणता, ती इतकी थोडी सरकवायची कशी? नट सैल केला की फळी एकदम दोन मिमी पळते.

पॅटर्नशॉप

कागद. उभ्या पक्क्या फळीवर एक थांबा-ठोकळा क्लॅम्पने लावा, सरकत्या फळीच्या टोकाला टेकेल असा. ठोकळा आणि फळी यांच्यामध्ये सुरुवातीलाच झेरॉक्सच्या कागदाचे चार-पाच तुकडे घालून ठेवा. ८० जीएसएमचा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो. एक काढलात आणि फळी ठोकळ्याला पुन्हा टेकवलीत की एक दशांश एका बाजूला. एक घातलात की दुसऱ्या बाजूला. आम्ही पॅटर्नचे भाग असेच जुळवत आलो.

या शहरात सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं आणि त्रिभुवनदास गज्जरांच्या हाती दिलं, तेव्हापासून इथे तांत्रिक विषय लोकांच्या भाषेत शिकवायचा आग्रह होता. म्हणून मी इथे मराठीत लिहितोय. आमच्या शॉपमधली निम्मी मुलं ड्रॉइंग वाचायला शिकली ती कोणीतरी शेजारी बसून स्वतःच्या भाषेत सांगितलं म्हणून.

हातकरवत

काका, अजून लिहा. पॅटर्नवर वेगळा धागा काढाल का?

सागाची_फळी

सुरक्षेचं लिहायचं राहिलं, ते तसंच ठेवता येणार नाही. स्लेड पुढे ढकलल्यावर बिट किंवा पातं मागच्या बाजूने उघडं बाहेर येतं, आणि अंगठा नेमका तिथेच असतो. उभ्या फळीच्या मागे, बिटाच्या रेषेत, एक जाड ठोकळा चिकटवा. बिट बाहेर आलं तरी ठोकळ्यातच राहील. टेबलाला थांबा लावा, स्लेड त्यापुढे जाणारच नाही. टेबल सॉवर या कामासाठी वरचं गार्ड आणि मागची उभी पट्टी काढावी लागते, म्हणून ठोकळा आणखी गरजेचा. काम झालं की दोन्ही परत लावा, त्याच दिवशी.

मास्क वापरा. लाकडाचा भुसा कर्करोगकारक आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तो पहिल्या गटात टाकला आहे. सागाच्या भुशाने अनेकांच्या त्वचेला खाजही सुटते. गॅलरीत काम करणाऱ्यांनी वारा कुठून येतो ते पाहून उभं राहावं.

गिरमिट

पिन बदलली. आधीची खरंच सैल होती, कॅलिपरने ६.३ होती आणि खाच ६.४२. शिसमाची रंधून बसवली, खालच्या कडा तासल्या, वरच्या कडेला खुणा केल्या. शेवटच्या दातापर्यंत सारखं बसलं. आता पूर्ण जॉइंट मोगरीने हळू ठोकल्यावर जातो. गोंद लावू?

सागाची_फळी

नका लावू. कोरडा जॉइंट हाताच्या दाबाने बसला पाहिजे. मोगरी लागत असेल तर गोंदातल्या पाण्याने दात फुगतील आणि जॉइंट अर्ध्यातच अडकेल, ना पुढे ना मागे. एक कागद काढून पिन बिटाकडे न्या आणि भंगार तुकड्यावर पुन्हा कापून बघा. हाताने बसतो पण उचलल्यावर दुसरी फळी खाली पडत नाही, इतकं हवं.

गोंदाची वेळही सांभाळा. बडोद्यात मे महिन्यात दुपारी पारा चाळिशीच्या वर असतो, पांढरा गोंद दातांना लावेपर्यंत पहिल्या दातांवर साय धरते. सकाळी सातच्या आत करा, ब्रश घ्या आणि फक्त दातांच्या बाजूंना लावा, टोकांना लावू नका. दोन कोपरे आज, दोन उद्या केले तरी चालतं, पण दोन्ही कर्ण मोजून खण काटकोनात आहे ना ते बघूनच क्लॅम्प आवळा. दोन्ही कर्ण सारखे आले की झालं.

पावसाळ्याची भीती मात्र या जॉइंटला कमी. साग तसाही कमी हलतो. ओल्यापासून पूर्ण कोरडा होईपर्यंत रुंदीच्या दिशेने साधारण ५.८ टक्के आकसतो, आणि वाळलेला जुना साग ऋतूंमध्ये त्याच्या फार थोड्या हिश्शाने फुगतो. दोन्ही फळ्यांची रुंदी एकाच दिशेने असल्यामुळे दोघी बरोबरच फुगतात आणि बरोबरच आकसतात. मात्र खणाचा तळ घन लाकडाचा केलात तर तो खोबणीत मोकळा ठेवा, चिकटवू नका.

वाडीकर

तळ ४ मिमी प्लायचा असला तर चिकटवायचा ने?

सागाची_फळी

हो, प्लाय चिकटवा, बिनधास्त. तो हलत नाही आणि खणाला काटकोनात धरूनही ठेवतो. खोबण मात्र दातांच्या ओळीत येते तिथे पाहून काढा. आरपार नेली तर बाहेरच्या बाजूला दाताच्या टोकात चौकोनी भोक दिसतं. खोबण एखाद्या खाचेच्या ओळीत येईल अशी उंची ठरवा, म्हणजे समोरचा दात ती झाकतो, आणि जिथे झाकली जात नाही त्या फळ्यांवर टोकाच्या आधी थांबा.